श्रद्धा गोमातेवर, परीक्षा दुधाची

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गीय घरांत गेल्या काही वर्षांत एक स्वागतार्ह परिवर्तन घडून आले आहे. देशी गाईच्या दुधाचा रतीब लावणारी कुटुंबे वाढली आहेत. खिलार, देवणी, डांगी, गीर ही नावे एकेकाळी शेतकऱ्यांच्या आणि पशुवैद्यांच्याच तोंडी असत. आज ती नोकरदार गृहिणींच्या बोलण्यातही सहज येतात. संकरित गाईंच्या लाटेत मागे पडलेल्या देशी गोवंशाला त्यामुळे आर्थिक आधार मिळू लागला, अनेक गोशाळांना हक्काचे ग्राहक लाभले आणि गोपालन हा केवळ दानधर्मावर चालणारा व्यवहार राहिला नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले, त्यामागेही समाजमनातील हीच भावना होती.

परंतु या चांगल्या प्रवाहाबरोबर एक घातक समजूतही वाहत आली आहे. देशी गाईचे दूध कच्चेच प्यावे, तापविल्याने त्यातील सत्त्व नाहीसे होते, असे सांगितले जाते. या दुधाची जिवाणूंसाठी तपासणी झाली आहे काय, असे कोणी विचारले, तर तो गोमातेवरील अविश्वास मानला जातो. यांतील पहिली समजूत आरोग्यास अपाय करणारी आहे, तर दुसरी गोसेवेच्या मूळ तत्त्वालाच छेद देणारी आहे. गाईवरील श्रद्धा आणि तिच्या दुधाची परीक्षा या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. जिच्यावर श्रद्धा आहे तिच्या प्रकृतीची विचारपूस प्रथम करावयास हवी, आणि गाईच्या प्रकृतीची बरीचशी वार्ता तिच्या दुधातूनच कळत असते.

कच्च्या दुधात अपायकारक जिवाणू दोन वाटांनी येतात. पहिली वाट बाहेरची. शेणाने माखलेली कास, न धुतलेले हात, नीट न घासलेली चरवी, गोठ्यातील धूळ आणि माश्या यांच्याद्वारे ई. कोलाय, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया यांसारखे जिवाणू दुधात उतरतात. दूध हे वासराइतकेच जिवाणूंनाही पोषक असते. अनुकूल उष्णतेत काही जिवाणूंची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते. या हिशोबाने ४ तासांत ती १२ वेळा दुप्पट होईल, म्हणजे एकाचे ४,०९६ होतील. पहाटे काढलेली धार थंड न करता शहरात पोहोचेपर्यंत काय घडत असेल, याची कल्पना यावरून यावी. लिस्टेरियासारखा जिवाणू तर शीतकपाटातील थंडीतही हळूहळू वाढतो.

दुसरी वाट अधिक चिंतेची आहे, कारण ती गाईच्या शरीरातूनच निघते. कासदाह झालेल्या गाईच्या सडांतून स्टॅफिलोकॉकस दुधात येतो. त्याने दुधात एकदा विष तयार केले, तर ते उकळण्यानेही सहजी नष्ट होत नाही. गाईला क्षय असेल, तर क्षयाचा जिवाणू दुधात उतरू शकतो. सर्वांत दुर्लक्षित रोग मात्र सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा होय. या रोगाने गाय बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते, जार अडकतो. पुढे मात्र तीच गाय नीट विते, चारा खाते, रवंथ करते आणि भरपूर दूधही देते. पाहणाऱ्याला ती पूर्ण निरोगी दिसते. तिच्या दुधातून मात्र जिवाणू दीर्घकाळ, मधूनमधून, बाहेर पडत राहतात.

‘दिसायला निरोगी’ या निकषाचा फोलपणा शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच सिद्ध झाला आहे. माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांना एका चिवट तापाने ग्रासले होते. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्या तापाचा जिवाणू शोधला; परंतु तो येतो कोठून, हे कळण्यास १९०५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी माल्टाचेच डॉ. थेमिस्टोक्लिस झॅमिट यांना हा जिवाणू तेथील शेळ्यांत आढळला. त्या शेळ्या धडधाकट दिसत होत्या. छावणीत त्यांचे कच्चे दूध बंद करताच सैनिकांतील ताप झपाट्याने ओसरला. गाईंच्या गर्भपातामागील या जिवाणूचा भाऊबंद डेन्मार्कचे बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये शोधला होता.

माणसाला हा रोग झाला, तर ताप येतो, जातो आणि पुन्हा येतो. रात्री घाम फुटतो, कंबर व सांधे धरतात, थकवा महिनोन्‌महिने हटत नाही. इतर तापांशी साम्य असल्याने निदान लवकर होत नाही. झालेच, तर किमान ६ आठवडे प्रतिजैविके घ्यावी लागतात. याचा पहिला बळी रतीब लावणारे कुटुंब नसते; अडलेल्या गाईला सोडविणारा, गाभडलेले वासरू उघड्या हातांनी उचलणारा, जार काढणारा गोसेवक असतो. ज्या गोशाळेत तपासणी नाही, तेथे सेवेसाठी आलेल्या कार्यकर्त्याचे आरोग्य दररोज पणाला लागलेले असते, हे संचालकांनी ध्यानात घेतले पाहिजे.

क्षयाचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. क्षयाच्या जिवाणूचा शोध लावणारे रॉबर्ट कॉख यांनी १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत असे मत मांडले की, गाईच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचा शब्द प्रमाण मानून थांबणे सोपे होते. तथापि ब्रिटनने शाही आयोग नेमला, दहा वर्षे प्रयोग झाले आणि १९११ च्या अंतिम अहवालाने कॉख यांचे मत खोडून काढले. दूषित दुधातून लहान मुलांना क्षय होतो, हे निःसंशय ठरले. शब्द कोणाचाही असो, तो परीक्षेच्या वर नाही, हा यातील धडा आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. हे रोग जर्सी-होल्स्टीनचे, देशी गाईला ते होत नाहीत, असे म्हटले जाते. देशी गोवंश काटक आहे, उन्हाला व गोचिडांना अधिक तोंड देतो, ही वस्तुस्थिती आहे आणि तिचा अभिमान बाळगणे योग्यच होय. परंतु अधिक प्रतिकारशक्ती म्हणजे अभेद्य कवच नव्हे. ब्रुसेलोसिसचा जिवाणू गाईचे वशिंड पाहून परत फिरत नाही. ‘ए-टू’ प्रथिनाच्या चर्चेनेही येथे बराच गोंधळ माजविला आहे. ए-वन आणि ए-टू हा बीटा-केसीन नामक प्रथिनाच्या साखळीतील एका दुव्याचा फरक आहे. त्याच्या लाभाविषयी कोणाचे काहीही मत असो, जिवाणूंशी त्याचा काडीचाही संबंध नाही. बाटलीवरील ‘ए-टू’ हे अक्षर दूध निर्जंतुक असल्याचे प्रमाणपत्र नाही.

दुसरा आक्षेप परंपरेच्या नावाने घेतला जातो. दूध तापविणे हे पाश्चात्त्य खूळ आहे, आपले पूर्वज कच्चे दूध पीत, असा तो आक्षेप. परंपरा काय सांगते ते तरी नीट पाहावे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कच्चे दूध जड व अभिष्यंदी, तर उकळलेले दूध हलके म्हटले आहे. धारोष्ण दुधाचे गुण तेथे वर्णिले आहेत, हे खरे. पण त्याची धार थंड झाली की गुण उलटतात, हेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. पहाटे काढून, डब्यात भरून, तीस-चाळीस किलोमीटर आणलेले दूध कोणत्या अर्थाने धारोष्ण म्हणावे? शिवाय गाईच्याच शरीरात रोग असेल, तर धारोष्ण दुधातही जिवाणू असणारच. मराठी घरातील सकाळ तर दूध तापविण्यानेच सुरू होत आली आहे. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू जाईपर्यंत तापवून सूर्यनारायणाला अर्पण करणारा हा समाज आहे. नव्या वास्तूत पाऊल टाकल्यावर पहिले काम दूध उतू घालण्याचे. ज्या संस्कृतीने दुधाच्या उकळीला मंगल मानले, तिच्या नावाने कच्च्या दुधाचा पुरस्कार करणे विसंगत आहे.

खरे पाहता कच्च्या दुधाचे आजचे आकर्षण बव्हंशी पाश्चात्त्य आरोग्यविषयक लाटांतून आलेले आहे. अमेरिकेत कच्चे दूध पिण्याची टूम बरीच वर्षे आहे. मार्च २०२४ मध्ये तेथील दुभत्या गाईंत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला, कच्च्या दुधातही तो सापडला, आणि वर्षअखेरीस तेथील कृषी खात्याला देशव्यापी दूध तपासणीचा आदेश काढावा लागला. पाश्चरीकरणाने तो विषाणू निष्क्रिय होतो, हेही तेव्हाच दिसून आले. तेथील टूम स्वदेशीच्या वेष्टनात गुंडाळून येथे विकली जात असेल, तर सुजाण ग्राहकाने ते वेष्टन सोडून पाहिले पाहिजे.

तपासणी म्हणजे काहीतरी महागडे, प्रयोगशाळेच्या बंद दाराआडचे, असा अनेकांचा समज आहे. तोही यथार्थ नाही. दूध संकलन केंद्रांवर वर्षानुवर्षे केली जाणारी मिथिलीन ब्लू चाचणी अत्यंत साधी आहे. परीक्षानळीतील दुधात निळा रंग मिसळून ती सुमारे ३७ अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवतात. जिवाणू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो. ५ तासांहून अधिक टिकला, तर दूध उत्तम. अर्ध्या तासातच उडाला, तर निकृष्ट. मात्र ही चाचणी जिवाणूंचा भार सांगते, त्यांची जात सांगत नाही. ब्रुसेलोसिससाठी दुधाची वलय-चाचणी करतात. दुधात रंगीत प्रतिजन मिसळून नळी तासभर उबेत ठेवली आणि वर येणाऱ्या सायीत निळे वलय उमटले, तर कळपात रोग असल्याचा संशय घ्यावा. अनेक गाईंच्या एकत्रित दुधावर ही चाचणी होत असल्याने संपूर्ण गोठ्याची प्राथमिक पाहणी अल्प खर्चात होते. चीक किंवा कासदाहाचे दूध असेल, तर वलय चुकीनेही उमटू शकते. म्हणून संशय आल्यास प्रत्येक गाईचे रक्त तपासावे लागते. कासदाहासाठी गोठ्यातच करता येणारी कॅलिफोर्निया चाचणी आहे, क्षयासाठी ट्युबरक्युलिनची त्वचा-चाचणी आहे.

दुधाच्या बाबतीत समाजाची सगळी सावधगिरी भेसळीपुरती मर्यादित राहिली आहे. पाणी किती, युरिया आहे काय, साखर घातली आहे काय, एवढेच विचारले जाते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी आरोग्यास घातक भेसळ अवघ्या १२ नमुन्यांत आढळली, तर निकृष्ट चाऱ्यातून येणारे ‘अफ्लाटॉक्सिन एम-१’ हे विष ३६८ नमुन्यांत मर्यादेहून अधिक होते. ज्याची भीती मोठी ते दूषण थोडे, आणि ज्याचे नावही ठाऊक नाही ते अधिक, हा त्या पाहणीचा बोध आहे. गवळी प्रामाणिक आहे, पाण्याचा थेंब घालीत नाही, ही फार मोठी गोष्ट खरी. परंतु प्रामाणिक गवळ्याच्या निर्भेळ दुधातही रोगजंतू असू शकतात. त्यात त्याच्या नीतिमत्तेचा काही दोष नसतो.

आता या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न. तपासणीत एखादी गाय दोषी ठरली, तर पुढे काय? पाश्चात्त्य देशांनी याचे उत्तर सोपे करून टाकले. तपासा आणि कापा, या धोरणाने त्यांनी आपले कळप रोगमुक्त केले. हिंदू समाजाला ते उत्तर मान्य नाही आणि कधी होणारही नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी होती. दीर्घ संघर्षानंतर २०१५ मध्ये ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. हा विजय ज्यांनी मिळविला, त्यांच्यावर त्याबरोबर एक उत्तरदायित्वही आले आहे. रोगी गाईला मारावयाचे नाही, असे एकदा ठरविले की तिला ओळखणे, वेगळे ठेवणे आणि अखेरपर्यंत सांभाळणे हे कर्तव्य कितीतरी पटींनी वाढते. कत्तलीला विरोध आणि तपासणीलाही विरोध, या दोहोंची बेरीज एकच होते. रोग कळपात पसरत राहतो आणि निरोगी गाई, त्यांची वासरे व गोसेवक त्याचे भक्ष्य होतात.

गोशाळांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. कसायाच्या तावडीतून सोडविलेली, रस्त्यावर बेवारस सापडलेली, दुष्काळात शेतकऱ्याने आणून बांधलेली, अशा नाना ठिकाणच्या गाई तेथे एकत्र येतात. त्यांचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसतो. सोडविल्याच्या आनंदात त्यांना थेट दुभत्या गाईंच्या दावणीला बांधले जाते. अशा प्रत्येक गाईला किमान महिनाभर वेगळे ठेवून, तपासूनच कळपात सोडावे. रोग नुकताच जडला असेल, तर पहिल्या तपासणीत तो निसटूही शकतो. म्हणून काही काळाने ती पुन्हा करावी. दोषी ठरलेल्या गाईंसाठी स्वतंत्र गोठा, स्वतंत्र गव्हाण, स्वतंत्र सेवक असावा. त्यांचे दूध विक्रीला जाऊ नये. त्यांची सेवा ही दुधाच्या अपेक्षेविना केलेली, म्हणूनच अधिक निर्मळ सेवा होय.

रोग मुळात होऊ नये, यासाठी लसही उपलब्ध आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा आरंभ केला. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस हे दोन रोग त्यात लक्ष्य केले गेले. ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींना आयुष्यात एकदाच ब्रुसेलोसिसची लस द्यावयाची असते. वय उलटून गेले की ती संधी जाते. आपल्या परिसरातील गोशाळेत किती कालवडींना ही लस टोचली गेली, याची नोंद किती कार्यकर्त्यांजवळ आहे?

राज्यघटनेचे अनुच्छेद ४८ गोरक्षणाच्या प्रत्येक सभेत उद्धृत केले जाते. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी पंडित ठाकूरदास भार्गव यांनी घटना समितीत मांडलेल्या दुरुस्तीतून ते साकारले. गोवधबंदीचा त्यातील निर्देश सर्वांना मुखोद्गत आहे. परंतु त्याच अनुच्छेदाचा पूर्वार्ध कृषी आणि पशुसंवर्धन यांचे आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटन करण्यास सांगतो, याचा विसर पडतो. पूर्वार्धावाचून उत्तरार्ध लंगडा आहे. स्वामी दयानंदांनी ‘गोकरुणानिधी’मध्ये गाईची महती केवळ भावनेने गाइली नाही, एका गाईच्या दुधावर किती माणसे पोसली जातात, याचा हिशोब मांडला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी गोपूजनापेक्षा गोपालनाचा आग्रह धरला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्षाने कळपाच्या नोंदी ठेवाव्यात आणि रोगी जनावरांवर उपचार व्हावेत, अशी व्यवस्था आहे. हिशोब, नोंद आणि परीक्षा या गोष्टी या परंपरेला परक्या नाहीत.

महाराष्ट्राला तर याबाबत विशेष वारसा आहे. आज इज्जतनगर येथे असलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा जन्म १८८९ मध्ये पुण्यातच एका जिवाणू प्रयोगशाळेच्या रूपाने झाला. आजही पुण्याच्या औंध येथे पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. या व्यवस्थेचा लाभ गोशाळांनी आपण होऊन घेतला पाहिजे. गोग्रासासाठी येणाऱ्या देणग्यांतील एक हिस्सा तपासणीसाठी राखून ठेवावा. नव्या कमानीला देणगीदार मिळतात, तद्वतच कळपाच्या वार्षिक रक्ततपासणीलाही मिळतील. त्यांना ते मागितले मात्र पाहिजे.

अहवाल उघड केल्यास गोशाळेची अपकीर्ती होईल, ही भीती अनाठायी आहे. रोग लपविणारी गोशाळा आणि रोगमुक्त गोशाळा बाहेरून सारखीच दिसते. दोहोंतील भेद दाखविणारी वस्तू म्हणजे तपासणीचा अहवाल. उलट, तपासणी न केलेल्या दुधाने एखाद्या घरातील बालक आजारी पडले, तर बोट एका गोशाळेकडे दाखविले जाणार नाही. साऱ्या गोरक्षण चळवळीकडे दाखविले जाईल. अनेक दशकांच्या कष्टाने मिळविलेला समाजाचा विश्वास गमवावयास एक दूषित बाटली पुरेशी आहे.

कुटुंबांचे कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे. तपासणी झालेली असो वा नसो, दूध उकळूनच प्यावे. कारण तपासणी त्या दिवसाच्या नमुन्याची असते, आणि जिवाणू रोज सारखेच उतरत नाहीत. उकळण्याने काही जीवनसत्त्वे थोडी घटतात, पण प्रथिने व कॅल्शियम टिकून राहतात. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध यांना कच्चे दूध मुळीच देऊ नये. पंचामृतासाठी उकळून निववलेले दूध घेतल्याने भक्तीत उणेपणा येत नाही. चिकाचा खरवस पूर्ण शिजलेला असावा. रतीब लावताना दराबरोबरच शेवटची तपासणी केव्हा झाली, हेही विचारावे. हा प्रश्न जितक्या घरांतून विचारला जाईल, तितक्या लवकर गोशाळा तपासणीकडे वळतील.

वसुबारसेला घरोघरी सवत्स धेनूचे पूजन होते. पुष्कळ स्त्रिया त्या दिवशी गाईचे दूधदुभते वर्ज्य करतात. दूध आधी वासराचे, मग माणसाचे, याचे स्मरण त्यातून राहते. त्याच दिवशी प्रत्येक गोशाळेच्या फलकावर वर्षभरातील तपासणीचा तपशील लागावा. किती गाई तपासल्या, किती दोषी निघाल्या, किती वेगळ्या ठेवल्या, किती कालवडींना लस दिली, हे त्यावर लिहिलेले असावे. पूजेचे ताट घेऊन येणाऱ्या गृहिणीला तो फलक आधी दिसावा आणि गाय नंतर. आगामी वसुबारसेपूर्वी आपल्या गावातील एका तरी गोशाळेत हे घडवून आणणे कोणत्याही शाखेच्या वा नगराच्या कार्यकर्त्यांना अशक्य नाही.